डाव्या हाताचा बुद्ध

३ नोव्हेंबर
लॉज, वरचा मजला

दादा,

मायना काय लिहावा या विचारात चहा गार झाला, म्हणून मायन्याशिवायच सुरू करते. हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. भांडायचं असतं तर फोन केला असता. फोनवर तू अर्ध्यातच बंद करतोस आणि मला जिंकल्यासारखं वाटतं. पत्रात ती सोय नाही.

काम आहे. मी पुन्हा जुनी बुद्धमंदिरं फिरते आहे. तू छापलेल्या त्या पुस्तकासाठी फिरले होते तीच, त्याच क्रमाने. तेव्हाचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी, असं नवं पुस्तक करायचं डोक्यात आहे. प्रकाशक उत्सुक आहे. तेव्हाच्या स्लाइड्स तुझ्या स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात आहेत, त्या मला हव्यात. त्या मी काढल्या होत्या हे विसरला असशील, तर पुस्तकाचं शेवटचं पान बघ. कागदवाल्याचे आभार मानलेत ना, त्याच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. भिंग लागेल.

ते पान मला माहीत आहे, कारण प्रकाशनाच्या दिवशी वहिनीने मोठ्या कौतुकाने तेवढंच उघडून दाखवलं होतं. बाकीचं पुस्तक मी आजवर उघडलेलं नाही. लोकांना हे खोटं वाटतं. मला त्याचा अभिमान आहे.

आज पहिलं देऊळ केलं. टेकडीवरचं, लाकडी खांबांचं. खांब आहेत तसेच आहेत, फक्त प्रत्येकाला आता एकेक ट्यूबलाइट बांधलाय, त्यामुळे बुद्ध ध्यानाला बसलाय की दवाखान्यात नंबर यायची वाट बघतोय ते कळत नाही. मी नेहमीप्रमाणे आधी झाडलोट केली. म्हणजे चौकटीतून बादली हलवली, प्लास्टिकची फुलं हलवली, कोणाचा तरी स्वेटर हलवला. रखवालदार जुनाच आहे. दात गेलेत, पण त्या जागेत बोलणं भरून काढलंय.

डाव्या भिंतीत मला एक दार दिसलं. पूर्वी दार उजवीकडे होतं, एवढं मला आठवतं, कारण तिथेच मी कॅमेऱ्यासकट घसरले होते. उजवीकडे पाहिलं तर तिथेही दार.

"हे दुसरं दार कधी आलं हो?"

"पुस्तक आलं त्याच्यानंतर."

"पुस्तकाचा काय संबंध?"

"पुस्तक हातात घेऊन लोक यायचे ना. पुस्तकात दार या अंगाला. मग लोक या अंगाने यायचे, भिंतीपाशी उभे राहायचे आणि मलाच ओरडायचे, दार कुठे नेलंत म्हणून. जसं काय मी खिशात घालून फिरतोय. शेवटी कमिटीने इकडेही एक पाडलं."

"पुस्तकच चुकलं असेल असं नाही वाटलं कोणाला?"

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "छापलेलं आहे बाई."

माझ्या मते प्रवाशांनी पुस्तक उलटं धरलं असणार. प्रवाशांच्या बाबतीत काहीही शक्य आहे. फोटो बरा आला. दोन्ही दारं घेतलीत.

स्लाइड्स कुरियरने पाठव. पत्ता मागे आहे.

धाकटी


९ नोव्हेंबर
त्याच जिल्ह्यात, दुसरं लॉज, पंखा चालू, नळ बंद

दादा,

स्लाइड्स आल्या नाहीत. वहिनीचा फोन आला. "ते कामात आहेत गं," म्हणाली. मागून तुझा खोकला ऐकू येत होता. कामात असलेला माणूस इतका कान देऊन खोकत नाही.

आता जे लिहिते ते नीट वाच. बसून वाच.

नदीवरचं मातीचं देऊळ तुला आठवत असेल. म्हणजे माझ्या फोटोवरून आठवत असेल. मातीचा मोठा बुद्ध, बसलेला, एक हात मांडीत आणि एक हात गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेला. मागे दरड कोसळली त्यात सगळा हॉल गेला. मूर्ती, खिडक्या, भिंती, सगळं. माणसं वाचली, कारण तेव्हा सगळी बाहेर पाणी कुठवर चढलंय ते बघत होती. आता नवा हॉल उभा राहिलाय आणि आत नवी मूर्ती चालू आहे. जुन्यासारखीच करायची असं गावाने ठरवलंय. मूर्तिकार बाहेरून आणलाय. सध्या नुसता सांगाडा आहे: जाड वाशांचा कणा, आडवा खांदा, त्यावर काथ्याची दोरी गुंडाळायची, मग पेंढा कालवलेली माती, मग वस्त्रगाळ माती. खांद्याला हात कुठे जोडायचा त्याची खाच एकदा पाडली आणि वर माती चढली की पुन्हा फिरवाफिरव नाही. फिरवायचं तर छाती फोडावी लागते.

आणि हे सगळं कशावरून करताहेत? परातीवर (चुकले, परांचीवर, म्हणजे बांबूंच्या मचाणावर, मला त्यांचे शब्द अजून जमत नाहीत) प्लास्टिकमध्ये घालून एक पान टांगलंय. आपल्या पुस्तकातलं. मी पुस्तक उघडलं नाही हे लक्षात घे. पान टांगलेलं होतं. टांगलेलं पान बघण्याला पुस्तक उघडणं म्हणत नाहीत.

त्या पानावर बुद्धाचा डावा हात जमिनीला टेकलेला आहे.

मी आजवर शेकड्याने बुद्ध काढले. जमिनीला हात लावणारा बुद्ध उजवाच हात लावतो. पोरासोरांना माहीत आहे. मी मूर्तिकाराला म्हटलं, "हात चुकतोय तुमचा."

तो खाली न उतरताच म्हणाला, "सगळे तेच म्हणतात. मग त्यांना तो लेख दाखवतात आणि ते गप्प होतात. तुम्ही लेख वाचून या, तोवर मी दोरी गुंडाळतो."

लेख देवळाच्या कमिटीच्या अध्यक्षांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. आपल्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक, त्यांनीच नंतर लिहिलेला. या एका मूर्तीत हात डावा आहे, उघडा खांदाही डावा आहे, त्या अर्थी इथे पूर्वी एक वेगळी वामहस्त परंपरा नांदत असली पाहिजे, असं त्यांनी सिद्ध केलंय. त्यावर दोन परिसंवाद झाले. एका विद्वानाने विरोध केला म्हणून परंपरेला आणखी बळकटी आली. गावाच्या पाटीवर आता 'डाव्या हाताचा बुद्ध, एकमेव' असं लिहिलंय. पाटीला बाण आहे, तो मात्र बरोबर दिशेला आहे.

मी संध्याकाळभर आठवायचा प्रयत्न केला. फोटो मी काढला. कॅमेऱ्याच्या मागे मी होते. मला तिथला अंधार आठवतो, किती वेळ शटर उघडं ठेवलं होतं ते आठवतं, श्वास धरला होता तो आठवतो. हात आठवत नाही.

मग मला बाबांचा फोटो आठवला. हॉलमधला. शर्टाचा खिसा उजवीकडे आणि भांग भलत्याच बाजूला. आई रोज पुसताना म्हणायची, "माणूस आपलाच आहे, पण पाहुणा आल्यासारखा दिसतो." मी तुला विचारलं होतं तेव्हा. तू म्हणालास, "बाबा दाराकडे बघत होते. घरातल्या माणसाने घरात बघावं." म्हणून तू फिल्म उलटी करून फोटो छापलास.

मी तो बुद्ध जरा बाजूने काढला होता. तो कुठे बघत होता, दादा? पुस्तकात, की पुस्तकाबाहेर?

धाकटी


१४ नोव्हेंबर
तेच लॉज

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "फोटो छापलाय तसाच आहे. शंका असल्यास प्राध्यापकांना विचार." स्टुडिओच्या शिक्क्यासारखं वाक्य आहे. खाली तारीख टाकली असतीस तर फ्रेम केलं असतं.

शंका प्राध्यापकांना कशी विचारू? त्यांनी मूर्ती पाहिलेली नाही. त्यांनी तुझं पान पाहिलंय. सगळ्या जगाने तुझं पान पाहिलंय. मूळ स्लाइड हातात धरून टेबलावर ठेवताना ती पालथी ठेवली की सुलटी, हे फक्त तुझ्या दोन बोटांना माहीत आहे.

इथे काल सभा झाली. मी उभी राहून म्हटलं की फोटो उलटा छापला गेला असू शकतो. अध्यक्ष भला माणूस आहे, लोखंडी सामानाचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "ताई, तुमचा मान आहे. पण आठवणाऱ्या माणसांना विचारू या ना."

मग आठवणारी माणसं उठली. एक आजी म्हणाल्या, डावाच, मला चांगलं आठवतं, माझ्या घरी फोटो आहे. दुसरे एक म्हणाले, डावाच, कॅलेंडरवर बघा. तिसऱ्याने नुसता मोबाइल वर केला. सगळ्यांना ठामपणे आठवत होतं आणि सगळ्यांना तुझंच पान आठवत होतं. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला. फोटो चांगलाच आहे.

शेवटी थोरल्या भंतेंना विचारलं. जुन्या हॉलमध्ये ते तरुणपणापासून होते. रोज सकाळ-संध्याकाळ मूर्तीसमोर बसायचे. सगळी सभा त्यांच्याकडे वळली.

"भंते, तुम्ही तर रोज समोर बसायचात."

"हो."

"मग हात कोणता होता?"

"मी डोळे मिटून बसायचो," ते म्हणाले.

मूर्तिकार मागे भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मला उजवा सांगा, डावा सांगा, दोन्ही सांगा, मी दोन्ही लावतो. पण माती कालवून ठेवलीय. ती कुजली की तिला वास येतो, मग बुद्धालाही येईल."

त्याने मुदत दिलीय. तोवर खांद्याची खाच पाडणार नाही, खालचं काम करेल. मुदत संपली की पानाप्रमाणे जाईल. त्याचंही बरोबर आहे. पान टांगलेलं आहे, मी फक्त उभी आहे.

तेव्हा मला स्लाइड पाठव किंवा खरं काय ते सांग. दोन्ही केलंस तर मी तुला माणूस म्हणेन.

आणि एक. वहिनीकडून कळलं की नवी आवृत्ती निघतेय आणि मुखपृष्ठावर हाच बुद्ध आहे, प्राध्यापकांच्या वाढवलेल्या प्रस्तावनेसह. आता मला तुझा खोकला कळला.

धाकटी


२० नोव्हेंबर
तेच लॉज. नळ आला, पंखा गेला.

दादा,

वहिनीवर चिडू नकोस. स्लाइड तिने पाठवली. डब्यात, कापसात गुंडाळून, वर चिठ्ठी: "कपाट उघडंच होतं. मला यातलं काही कळत नाही, तू बघ." तिला यातलं सगळं कळतं. तुझ्या घरात तेवढी एकच व्यक्ती आहे.

मी नाचतच देवळात गेले. (गुडघ्याने जेवढं नाचू दिलं तेवढं.) अध्यक्षांनी पुन्हा सभा बोलावली होती आणि प्राध्यापकही सकाळीच पोहोचले होते. स्वतःची उशी घेऊन फिरतात, सौम्य बोलतात, समोरच्याला पूर्ण बोलू देतात. मी त्यांचा राग करायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी उठून मला खुर्ची दिली, त्यामुळे अडचण झाली.

मी स्लाइड अध्यक्षांच्या हातात दिली. म्हटलं, "उजेडाकडे धरा आणि बघा."

अध्यक्षांनी धरली. "डावाच आहे की."

मी त्यांच्या हातातून घेऊन फिरवून दिली. "आता?"

"आता उजवा." त्यांनी पुन्हा फिरवली. "डावा." पुन्हा. "उजवा." चेहरा उजळला. "भारी आहे हे!"

मग ती सगळ्या सभेतून फिरली. ज्याला जो हात हवा तो त्यात दिसला. आजींनी आपल्याला हवा तसा बघून घेतला आणि दुसऱ्या बाजूने बघायला साफ नकार दिला. स्लाइड म्हणजे पारदर्शक वस्तू, तिला दोन्हीकडून बघता येतं, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यात इतकं टोचलं नव्हतं.

मी समजावलं. फिल्मला एक चकचकीत बाजू असते, एक मंद. मंद बाजू कॅमेऱ्यात भिंगाकडे असते. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की चित्र खरं. तिरप्या उजेडात धरून दाखवलं. उजवा हात. स्पष्ट.

प्राध्यापक म्हणाले, "आपण म्हणता ते तत्त्वतः मान्य. पण फिल्मच कॅमेऱ्यात उलटी भरली गेली असेल तर?"

दादा, मी उलटी फिल्म भरली असेल! मी!

"तसं झालं तर सगळं चित्र लालभडक येतं," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

त्यांनी स्लाइड पुन्हा उजेडाकडे धरली. "थोडं लालसर आहेच," ते म्हणाले.

"समोर दिवे लावले होते! तेलाचे दिवे!"

"असेलही," ते म्हणाले. ते खरंच विचार करत होते, हाच त्यातला त्रास.

कडेचे छापील आकडे असते तर गावाचा तरी वाद मिटला असता. सरळ वाचता येतात ती बाजू खरी, कोणालाही पटलं असतं. पण कडा तू कापल्यास. तुझ्या स्कॅनरच्या चौकटीत स्लाइड्स नीट बसाव्यात म्हणून.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "ताई, मला तुमचं पटतंय. पण बघा, एका बाजूला तुम्ही, एका बाजूला एवढा मोठा लेख, पाटी आणि गाव. मी दुकानदार माणूस. माझ्याकडे वस्तू बदलून मागायला आलं की मी विचारतो, ज्याने दिली त्याला घेऊन या. तुमचे भाऊ काय म्हणतात?"

मी काय सांगणार? तुझं शिक्क्याचं वाक्य?

"कामात आहेत," मी म्हटलं.

घरी तुझ्यासमोर नवी आवृत्ती आहे, प्राध्यापक तुझे जुने मित्र आहेत, त्यांची सगळी प्रतिष्ठा त्या एका हातावर टेकलेली आहे. मला ते दिसतं. मी तुझ्या जागी असते तर मीही खोकले असते. पण मी दुपारभर त्या सांगाड्यासमोर बसले होते. तो अजून कोणाचाच नाही. दोन वासे आणि दोरी. त्याला डावा हात लावला की पुढे कोण कधी तपासणार? आपण दोघं नसू, स्लाइड नसेल, लेख असेल आणि मूर्ती असेल, आणि दोन्ही एकमेकांची साक्ष देतील.

अध्यक्षांचा नंबर खाली देते. परवा दुपारी सगळे मचाणापाशी असतील. मूर्तिकार त्यानंतर थांबणार नाही. तुला माझ्याशी बोलायचं नाही, मान्य. मी फोनजवळ नसेन. त्यांच्याशी बोल.

धाकटी


२४ नोव्हेंबर
लॉज

दादा,

मी फोनजवळ नसेन असं लिहिलं होतं. मी फोनजवळच होते. मचाणाच्या मागे, तिपाई पुसत.

तुला तिकडून काही दिसलं नसणार, म्हणून सांगते. अध्यक्षांनी फोन स्पीकरवर टाकून मातीच्या ढिगावर ठेवला, कारण आवाज तिथेच नीट येत होता. सगळे भोवती. मूर्तिकार वर, हातात पटाशी. तू आधी तुझं ते "हॅलो, हॅलो" केलंस, बँकेत फोन केल्यासारखं. मग अध्यक्षांनी विचारलं. फोन बंद पडला की काय म्हणून एकाने माती पुसून तो हलवून बघितला.

मग तू म्हणालास, "मी उलटवला. चेहरा पानाबाहेर बघत होता. मला ते आवडलं नाही."

बस. एवढंच. इतकी वर्षं एक परंपरा उभी होती ती "मला ते आवडलं नाही" एवढ्यावर.

कोणीतरी हसलं. आजी म्हणाल्या, "मी म्हणतच होते." काय म्हणत होत्या ते त्यांनाच विचारायला हवं. मूर्तिकाराने उजव्या खांद्यावर खडूची रेघ मारली आणि ठोकायला सुरुवात केली, त्यामुळे तुझं पुढचं वाक्य अर्ध्या जणांना ऐकू आलं नाही. मला आलं. "फोटो धाकटीने काढला होता. फोटोत काही चूक नव्हती. ढवळाढवळ माझी."

मी तिपाई पुसत होते. तिपाई स्वच्छ होती.

तुझा आवाज बाबांसारखा झालाय. एवढंच म्हणते.

प्राध्यापकांचं सांगायला हवं. ते आपल्या उशीवर जाऊन थोरल्या भंतेंच्या शेजारी बसले. मला वाटलं आता उठून निघून जातील किंवा उलटवण्याच्याच परंपरेवर लेख लिहायला घेतील. तसं काही झालं नाही. त्यांनी भंतेंना हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच नव्हतं आठवत?"

"हात नव्हता आठवत," भंते म्हणाले. "समोर बसल्यावर कसं वाटायचं ते आठवतं. ते मला कोणी विचारलं नाही."

प्राध्यापकांनी ते लिहून घेण्यासाठी पेन काढलं, पण तसंच परत खिशात ठेवलं. मी माझा चहा त्यांना दिला. मला ते वाईट माणूस वाटत नाहीत. तुझ्या पानावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष, आणि तो दोष माझ्याकडूनही होता होता राहिला. संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला म्हणे. काय बोललात ते मला विचारायचं नाही. वहिनीने तेवढं सांगितलं की तू मुखपृष्ठ थांबवलंस आणि छापखानेवाला तुझ्या नावाने शंख करतोय. करू दे.

आता खरी भानगड. फोन ठेवायच्या आधी अध्यक्षांनी तुला विचारलं होतं, "साहेब, आणखी कुठले उलटवलेत?" आणि तू म्हणालास, "सगळे आठवत नाहीत. बरेच असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या देवळाच्या कमिटीचा अध्यक्षांना फोन. त्यांना बातमी लागली होती. त्यांना विचारायचं होतं, पाडलेलं दार बुजवायचं का? मग आणखी एका गावाचा. त्यांनी प्रवाशांच्या सोयीसाठी पायऱ्यांचा कठडा दुसऱ्या बाजूला नेला होता. मग तिसऱ्याचा, त्यांनी काहीच हलवलं नव्हतं, पण आता त्यांना शंका येत होती की आपण काही हलवलं तर नाही ना. अध्यक्ष दुकानात खिळे मोजत होते, फोनवर म्हणाले, "थांबा, ताई इथेच आहेत," आणि फोन माझ्या हातात.

म्हणून मी काल पुस्तक उघडलं. अध्यक्षांच्या दुकानात, पत्र्यांच्या थप्पीवर ठेवून. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. छपाई उत्तम आहे. मांडणी, मला हे म्हणायचं नव्हतं, पण देखणी आहे. आणि कोणतं पान सरळ, कोणतं उलटं, हे मला सांगता येत नाही. काही ठिकाणी मी ठाम आहे, आणि ज्या ठिकाणी ठाम आहे तिथेच माझा माझ्यावर विश्वास नाही. आजींचं काय झालं ते मी पाहिलंय.

स्लाइड्स आणून मंद बाजू, चकचकीत बाजू करता येईल. पण तुझ्या कपाटातल्या निम्म्या स्लाइड्स छपाईवाल्याने परत केल्याच नव्हत्या, हे वहिनीने सांगितलं. तेव्हा एकच मार्ग उरतो. प्रत्येक देवळात जायचं. पान उघडून समोर धरायचं आणि भिंतीशी ताडून बघायचं. दार, खिडकी, हात, खांदा. जे उलटं आहे त्यावर तिथल्या तिथे खूण करायची आणि कमिटीला सांगायचं की काही पाडू नका, काही बुजवू नका.

हे एकट्याने होत नाही. करून बघितलं. पुस्तक जड आहे, तू निवडलेला कागद तसाच आहे. एका हातात पुस्तक, एका हातात कॅमेरा, वर बघायचं, खाली बघायचं, तेवढ्यात पान मिटतं. गुडघा आहे तो वेगळा. आणि माझं नवं पुस्तक काढायला उत्सुक असलेला प्रकाशक म्हणजे, तूही ओळखलं असशील, कोणीच नाही. त्यामुळे घाईही नाही.

आणखी एक गोष्ट मला काल ते पुस्तक बघताना सुचली. तू इतकी देवळं छापलीस आणि त्यातलं एकही पाहिलेलं नाहीस. मी रोल पाठवायची, तू टेबलावर उघडायचास. खांबांना लावलेले ट्यूबलाइट तुला मी लिहिले तेवढेच माहीत. दगडी फरशी पायाला किती गार लागते ते माहीत नाही. मातीचा बुद्ध ओला असताना कसला वास येतो तेही नाही, शेणाचा आणि शाळेच्या पाटीचा मिळून. उजवा हात आता कोपरापर्यंत आलाय. मूर्तिकार म्हणतो, बोटं शेवटी करणार, बघणारा कोणी असेल तर बरं.

तुझ्या खोकल्याला इथली हवा मानवेल. वहिनीलाही घेऊन ये, नाहीतर आपण दोघं पहिल्याच बसमध्ये भांडू.

लॉजवाल्याला सांगून ठेवलंय, शेजारची खोली कोणाला देऊ नकोस. त्याने रजिस्टर पुढे ओढून विचारलं, "कोण येणार आहे?"

मी म्हटलं, "पुस्तक धरायला माणूस."

धाकटी